करोनाकाळात विद्यापीठांमधल्या समानतेच्या कामाचं नेमकं काय झालं?

तालुक्याच्या गावी नुकत्याच साहाय्यक प्राध्यापक म्हणून लागलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: "महिला विकास कक्षाचा कारभार माझ्याकडे आला आहे. २०२० ते २०२२ च्या फायलीत स्त्री-पुरुष समानतेवरचे ३२ वेबिनार सापडले. अहवाल, स्क्रीनशॉट, ई-प्रमाणपत्रं, सगळं जागच्या जागी आहे. त्याच काळात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे मात्र एकही तक्रार नाही. मुलींचे प्रवेशही वाढलेले दिसतात. मग करोनाने या कामाचं काही बिघडवलं का? आणि मी आता सुरुवात कुठून करू?"

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात २८ वर्षं शिकवलं. बरीच वर्षं महिला कक्ष सांभाळला आणि करोनाची दोन्ही वर्षं अंतर्गत तक्रार समितीची पीठासीन अधिकारी होते. त्या अनुभवावरून सांगते, ताई: बिघडलं, आणि बरंच बिघडलं. तुमच्या फायलीत ते दिसत नाही, कारण फायलीत आपण कार्यक्रम नोंदवतो आणि कार्यक्रम तर चालूच राहिले. गेली ती मुलींची घराबाहेरची जागा. आपल्याकडे समानतेचं जवळजवळ सगळं काम त्या जागेच्या आधारावर उभं होतं. वसतिगृहाची खाट, एसटीचा पास, ग्रंथालयाचं टेबल, स्टाफरूमचं उघडं दार. हे आपण कुठल्या अहवालात कधी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ते गेल्याचीही नोंद झाली नाही.

आधी प्रवेशांचं बघू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या विद्यार्थिनींची संख्या २०१९-२० मध्ये १.८८ कोटी, २०२०-२१ मध्ये २.०१ कोटी आणि २०२१-२२ मध्ये २.०७ कोटी आहे. आकडे खरे आहेत. पण त्या वर्षांत नापास होऊन गळण्याची वाटच बंद होती. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना परीक्षेविना पुढच्या वर्गात घातलं. २०२१ मध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल ९९.६३ टक्के लागला. फॉर्म ऑनलाइन, तास ऑनलाइन; घरातून बाहेर पडावं लागणार नसेल तर मुलीचं नाव घालायला कुणाची हरकत नव्हती. माझ्या टी.वाय.च्या पटावर ४१ मुली होत्या. ऑनलाइन तासाला नियमित दिसायच्या त्या सात-आठ.

बाकीच्यांना फोन केला की बहुतेक वेळा फोन भाऊ किंवा वडील उचलायचे. ती कुठे आहे विचारलं की "भांडी घासतेय, नंतर लावा." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, करोनाच्या अगदी तोंडावर, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ३८ टक्के बायकांनी इंटरनेट कधीतरी वापरल्याचं सांगितलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१.५ टक्के होतं. 'कधीतरी' यात एकदा कुणाच्या फोनवर व्हिडिओ बघितला तेही आलं. रोज चार तास हातात राहणारा फोन, त्यातला डेटा आणि तो घेऊन बसायला घरातला एक कोपरा, एवढं सगळं जमणारी मुलगी त्या ३८ टक्क्यांतही क्वचितच असेल. ऑनलाइन शिक्षण सुरू झालं त्या दिवशी आपण मुलामुलींची दोन वेगळ्या पायऱ्यांवर पुन्हा विभागणी केली, आणि ही गोष्ट कुठल्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आली नाही.

वसतिगृहाबद्दल मला जास्त लिहायचं आहे. मार्च २०२० च्या मध्यात खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या तेव्हा मुली आठ-दहा दिवसांचे कपडे घेऊन गेल्या. वह्या, पुस्तकं, मूळ गुणपत्रिका खोलीतच राहिल्या. पुढे कितीतरी वसतिगृहं विलगीकरण केंद्रं झाली आणि मुलींचं सामान पोत्यांत भरून एका खोलीत रचलं गेलं. दीड वर्षाने ती पोती उघडताना मी हजर होते. निम्म्या पोत्यांना घ्यायला कुणी आलंच नाही.

खेड्यातून आलेल्या मुलीसाठी वसतिगृहातली खाट ही बहुतेक वेळा आयुष्यातली पहिली अशी जागा असते जी तिच्या नावावर आहे. संध्याकाळी सातला तिथे "पोळ्या लाटायला ये" अशी हाक येत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात असं दिसलं, पुरुषांचे ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. आम्ही मुलीला घरी पाठवलं तेव्हा तिला त्या पाच तासांत परत पाठवलं. त्यात त्या वर्षी सगळं घर घरातच होतं, मुंबई-पुण्याहून परतलेले काका-चुलतभाऊ होते, आजारी माणसं होती. कामाचे तास वाढले आणि ते ज्यांच्या वाट्याला आले त्या आमच्याच विद्यार्थिनी होत्या.

'कमवा व शिका' योजनाही बंद पडली. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासाच्या हिशोबाने काम करून मुली स्वतःचा मेसचा खर्च काढायच्या. रक्कम लहान असायची, पण घरी "पैसे कशाला घालवायचे तिच्यावर" हा सूर निघाला की ती रक्कमच मुलीच्या बाजूने बोलायची. परिसर बंद, काम बंद, आणि तिच्या बाजूने बोलणारंही काही उरलं नाही.

मग लग्नं. ५० माणसांत लग्न उरकण्याची परवानगी मिळाली आणि आमच्या भागात वडिलांच्या डोक्यावरचा खर्चाचा भार एकदम हलका झाला. मांडव नाही, जेवणावळी नाही, मानपान नाही. "एवढ्यात होतंय तर करून टाकू." युनिसेफने मार्च २०२१ मध्ये अंदाज दिला की करोनामुळे जगात दशकभरात एक कोटी जास्त बालविवाह होऊ शकतात. त्यावर बरीच चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पण महाविद्यालयातल्या बहुतेक मुली १८ वर्षं पूर्ण केलेल्या. त्यांचं लग्न बेकायदा नव्हतं, म्हणून ते बालविवाहाच्या मोजणीत आलं नाही; परीक्षेचा फॉर्म भरला होता म्हणून गळतीच्या मोजणीतही आलं नाही. १९ वर्षांची, एस.वाय.ला शिकणारी, लग्न लावून दिलेली मुलगी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मला त्या काळातली सर्वांत मोठी चूक विचाराल तर मी ही सांगेन: आम्ही तिच्यासाठी रकाना केला नाही.

महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली. आता मुली येतील असं वाटत असतानाच दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांच्या मागण्यांवर इथे बोलत नाही, त्यांचे हाल खरे होते. पण त्याचा परिणाम बघा. मुलगे एका मोटारसायकलवर तिघे बसून आले. मुलींना काळीपिवळी जीप उरली, तिचं भाडं रोजचं, आणि संध्याकाळी परतीची गाडी भरेपर्यंत स्टँडवर उभं राहायचं. "बस सुरू झाली की पाठवतो" असं पालक म्हणाले. बस सुरू झाली तेव्हा वर्ष संपलं होतं. शहरातल्या विद्यापीठांत करोनाचा हिशोब २०२१ च्या शेवटी मिटवला जातो. ग्रामीण भागातल्या मुलींसाठी तो आणखी एक वर्ष चालला, हे तुमच्या भागाचा विचार करताना लक्षात घ्या.

आता तुमच्या शून्य तक्रारींकडे येते.

तक्रार अर्जाने सुरू होत नाही, ती दारात सुरू होते. मुलगी तास संपल्यावर उगाच रेंगाळते. "मॅडम, असाइनमेंटची तारीख काय होती?" असं विचारून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. आमच्या शिपाई मावशी मला सांगायच्या, "ती पोरगी तीनदा येऊन गेली, तुमच्याकडे कुणी ना कुणी बसलेलं होतं." मग मी तिला बोलावून घ्यायची, चहा मागवायची, आणि अर्ध्या तासाने खरं काय ते बाहेर यायचं. आमच्याकडे वर्षाला पाच-सहा गोष्टी अशा समोर यायच्या, त्यातल्या एक-दोन लेखी व्हायच्या. करोनाच्या दोन वर्षांत मिळून दोन आल्या. घटना थांबल्या नव्हत्या. रेंगाळायला दार राहिलं नव्हतं, आणि मावशीही घरी होत्या.

उलट त्रासाचा एक नवा प्रकार आपणच तयार करून दिला. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि एका दिवसात प्रत्येक मुलीचा नंबर वर्गातल्या प्रत्येकाला मिळाला. ज्या मुली नंबर जपून ठेवायच्या, घरच्यांनी बजावलं म्हणून कुणाला द्यायच्या नाहीत, त्यांचाही. रात्री अकराला मेसेज, ऑनलाइन तासात कॅमेरा सुरू केलेल्या मुलीचा स्क्रीनशॉट, त्यावर स्टिकर. बऱ्याच मुलींनी उपाय म्हणून कॅमेरा बंद केला, मग ग्रुप सोडला, मग तास सोडला. आपण हजेरीत लिहिलं, 'गैरहजर'. ग्रुपऐवजी एकतर्फी सूचना देणारी यादी वापरली असती तर नंबर उघडे पडले नसते. एवढी साधी गोष्ट आम्हाला पहिली तक्रार येईपर्यंत सुचली नाही, आणि ती दोन मिनिटांत करता आली असती.

कायद्याचा गोंधळही होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनुसार तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला न्यायालयीन मुदती थांबवल्या आणि ती सवलत पुढे २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली. समितीपुढच्या तक्रारींना ती लागू होते का, यावर मला माहीत असलेल्या समित्यांमध्ये एकमत नव्हतं. काहींनी "मुदत उलटली" म्हणून अर्ज परत केले. आम्ही मुलीच्या बाजूने अर्थ लावला. घरातून होणाऱ्या ऑनलाइन त्रासाला 'कामाचं ठिकाण' म्हणायचं का, हाही वाद होता. जानेवारी २०२१ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात म्हटलं की दोघं वेगवेगळ्या राज्यांतल्या शाखांत असले तरी डिजिटल माध्यमातून एकत्र काम चालत असेल तर तेही कामाचं ठिकाण आहे. तोवर दहा महिने उलटले होते.

प्रत्यक्ष सुनावणी ऑनलाइन कशी व्हायची ते सांगते, कारण हे अहवालात येत नाही. आमच्याकडच्या एका मुलीने जबाब दिला तो शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून. रेंज तिथेच होती आणि घरात बोलण्यासारखं नव्हतं. पहिली वेळ ठरली त्या दिवशी तिचा भाऊ मागोमाग आला आणि ती तासभर फक्त "हो मॅडम", "नाही मॅडम" म्हणत राहिली. आम्हाला कळलं, आम्ही तांत्रिक अडचण सांगून बैठक थांबवली. दुसऱ्या वेळी तिच्या गावातल्या आशाताईंकडे, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेकडे, तिला बसवलं. गोपनीयता राखणं हे कायद्याने समितीचं कर्तव्य आहे, पण ज्या घरात बंद करता येईल असं दार नाही तिथे ती राखायची कशी, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळालं नाही. आशाताईंमुळे मिळालं.

आणखी एक उणीव आधीपासूनची होती, करोनात ती उघडी पडली. विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत, असं विनियम सांगतात. महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी निवडणुका परत आणल्या, पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि मग करोना आला. त्यामुळे बहुतेक ठिकाणी प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमलेले. वर्ग भरत नव्हते तेव्हा या नेमलेल्या प्रतिनिधींना मुली ओळखतही नव्हत्या. ताई, तुमच्या समितीचे विद्यार्थी सदस्य कोण आहेत ते आजच बघा. उत्तीर्ण होऊन दोन वर्षं झालेल्यांची नावं अजून फलकावर असण्याची शक्यता बरीच आहे.

आता शिकवणाऱ्या बायकांबद्दल. २८ फेब्रुवारी २०२० च्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचा विषयच 'विज्ञानातील महिला' हा होता. त्या दिवशी राष्ट्रपतींच्या हस्ते 'गती' हा उपक्रम जाहीर झाला: संस्थांनी आपल्या घरातली स्त्री-पुरुष विषमता मोजायची, सुधारायची आणि त्यानुसार त्यांचं मूल्यांकन व्हायचं. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालत आलेल्या अथेना स्वान या पद्धतीवर तो बेतलेला होता. मला त्याची फार आशा वाटली होती. चार आठवड्यांत देश बंद झाला. प्रायोगिक टप्प्यासाठी ३० संस्था पुढे निवडल्या गेल्या, पण तुमच्या-माझ्यासारख्या अनुदानित महाविद्यालयांपर्यंत तो पोहोचायला अजून अवकाश आहे.

आपल्याकडे खरा घाव बसला तो तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकांवर. प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट परीक्षा पास झालेल्या, काही पीएच.डी. झालेल्या, वर्षानुवर्षं तासाच्या पैशावर शिकवणाऱ्या. तास नाही तर पैसा नाही. २०२०-२१ चं शैक्षणिक वर्ष उशिरा सुरू झालं, नेमणुका त्याहून उशिरा. बाळंतपणाची पगारी रजा त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येते. २०१८ मध्ये राज्यात साहाय्यक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला मान्यता मिळाली होती. त्यातली २,०८८ भरायची राहिली होती तेव्हा ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवी भरती थांबली. पुन्हा हिरवा कंदील मिळायला २०२१ ची अखेर उजाडली. दीड वर्ष सगळ्यांचंच गेलं, हे खरं. पण ३३ वर्षांच्या अविवाहित किंवा लहान मूल असलेल्या बाईला घरचे किती वर्षं "बघू अजून एक वर्ष" म्हणू देतात? माझ्या ओळखीच्या चार हुशार मुलींनी त्या दीड वर्षात अध्यापन सोडलं. एक आता शिकवणी घेते, एक बँकेत आहे. दोघी घरी आहेत.

संशोधनाचंही तेच. अमेरिका आणि युरोपातल्या ४,५३५ शास्त्रज्ञांच्या एप्रिल २०२० मधल्या पाहणीत दिसलं की पाच वर्षांपर्यंतचं मूल घरी असलेल्यांचा संशोधनाचा वेळ इतरांपेक्षा १७ टक्के जास्त घटला, आणि इतर बाबी सारख्या धरल्या तरी बायकांचा वेळ पुरुषांपेक्षा जास्त घटला. एल्सेव्हियरच्या २,३२९ नियतकालिकांकडे फेब्रुवारी ते मे २०२० मध्ये आलेले लेख तपासले तेव्हा कळलं की एकूण लेख वाढले, पण बायकांचे पुरुषांइतके वाढले नाहीत. म्हणजे टाळेबंदीत कुणाला तरी लिहायला भरपूर निवांतपणा मिळत होता. तो कुणाला मिळाला ते उघड आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करण्याची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढवली. चांगलं केलं. पण ती सगळ्यांना सारखी वाढवली. ज्याचा प्रवास वाचला त्याला सहा महिने मिळाले. जिच्या घरी दोन मुलांची ऑनलाइन शाळा आणि आजारी सासू होती तिला सहा महिन्यांची तारीख मिळाली, वेळ मिळाला नाही. अमेरिकेतल्या सुमारे ५० अव्वल अर्थशास्त्र विभागांवरचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की मूल झाल्यावर आई आणि वडील दोघांनाही कायम नेमणुकीसाठी सारखीच मुदतवाढ दिली, तेव्हा पुरुषांच्या कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं. करोनाच्या दोन वर्षं आधी हे छापून आलं होतं. सारखी सवलत समानता आणेलच असं नाही, हे धोरण करणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं. आपल्या पीएच.डी. नियमांत २०१६ पासून महिलांना दोन वर्षं जादा आणि २४० दिवसांची प्रसूती रजा आहे, म्हणजे वेगळा विचार करता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने पदवी-पदव्युत्तरच्या विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे नियम करा असं विद्यापीठांना कळवलं. तुमच्या विद्यापीठाने तसे नियम केलेत का, हे विचारून घ्या. लॉकडाऊनमध्ये लग्न झालेल्या मुलींसाठी या पत्राचं मोल मोठं आहे.

सगळंच वाईट झालं असं म्हणणं खोटं ठरेल. तान्हं बाळ असलेल्या माझ्या सहकारी मैत्रिणीने २०२१ मध्ये दिल्लीच्या परिषदेत पेपर वाचला, पाळण्याला दोरी बांधून. एरवी तिला कुणी चार दिवस सोडलं नसतं. समितीवरच्या बाहेरच्या सदस्य, ज्या जिल्ह्याच्या गावच्या संस्थेत काम करतात आणि प्रवासामुळे निम्म्या बैठका चुकवायच्या, त्या प्रत्येक बैठकीला हजर राहिल्या. स्त्री अभ्यासातल्या ज्या अभ्यासकांना ऐकायला आम्ही पूर्वी पुण्या-मुंबईला जायचो त्या आमच्या पोरींना घरबसल्या ऐकायला मिळाल्या, ज्यांच्याकडे फोन होता त्यांना. बाहेरच्या सदस्यांची ऑनलाइन हजेरी आम्ही नंतरही चालू ठेवली. तुम्हीही ठेवा. तक्रारीसाठी समितीचा वेगळा ई-मेल पत्ता काढला होता, तो बऱ्याच ठिकाणी महाविद्यालये उघडल्यावर बंद पडला. तो सुरू आहे का ते तपासा, आणि त्याचा पासवर्ड कार्यालयात नव्हे, तुमच्याकडे ठेवा.

आणि ते ३२ वेबिनार. ज्यांनी ते घेतले त्यांना दोष देऊ नका. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या सातव्या निकषात स्त्री-पुरुष समानतेसाठी काय केलं हे दाखवावं लागत होतं, परिसर बंद होता, आणि लिंक पाठवणं एवढंच हातात होतं. गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र मिळायचं, म्हणून इतर जिल्ह्यांतले लोकही नोंदणी करायचे. एका कार्यक्रमाला आमच्याकडे चारशेवर नोंदी झाल्या, त्यांत आमच्या स्वतःच्या विद्यार्थिनी २७ होत्या. आम्ही अहवालात चारशेचा आकडा लिहिला. आज मी तो २७ लिहिला असता, आणि उरलेल्या कुठे आहेत याचा शोध घेतला असता. त्या शोधाला तेव्हा दोन-तीन फोनइतकेच कष्ट होते. नंतर ते फार वाढले.

महाविद्यालयं उघडल्यावर एक गोष्ट मला फार खटकली, ती तुमच्याकडेही असेल. करोनाच्या नावाने वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सहाला बंद व्हायला लागलं, मुलींचंच. साथ गेली, वेळ तीच राहिली. पूर्वी साडेआठपर्यंतची वेळ मिळवायला आमच्या मुलींना तीन वर्षं लागली होती. सुरक्षेचं कारण देऊन मुलांपेक्षा वेगळे निर्बंध मुलींच्या वसतिगृहावर घालू नयेत असं आयोगाच्या विनियमांतच लिहिलेलं आहे. रेक्टरबाईंशी भांडू नका, त्यांच्यावर पालकांचा दबाव असतो. विनियमांची प्रत घेऊन प्राचार्यांकडे जा आणि ग्रंथालयाची वेळ आणि वसतिगृहाची वेळ एकत्र बसवून मागा. ग्रंथालय आठपर्यंत उघडं असेल आणि फाटक सहाला बंद होत असेल तर ग्रंथालय फक्त मुलांसाठी आहे, हे एका वाक्यात पटतं.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. वेबिनारची फाइल बाजूला ठेवा. कार्यालयातून २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींची यादी मागा आणि ती अंतिम वर्षाच्या निकालाशी ताडून बघा. कार्यालय म्हणेल सगळ्या पास आहेत. ऑनलाइन परीक्षांमुळे पहिली दोन वर्षं तशी दिसतीलही. तिसऱ्या वर्षाकडे बघा. जिचं नाव पाचव्या किंवा सहाव्या सत्राला गायब होतं, तिच्यापुढे खूण करा. आम्ही २०२३ मध्ये हे केलं तेव्हा एका शाखेतून ३८ नावं निघाली.

मग फोन. नंबर बहुतेक बदललेले असतील, म्हणून गावातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा सध्या शिकत असलेल्या त्याच गावच्या मुलीला सोबत घ्या. पहिल्या फोनवर शिक्षणाचं बोलू नका. घरचे ऐकत असतात. "तुझी मूळ गुणपत्रिका आमच्याकडे राहिली आहे, कधी येतेस?" असं विचारा. पुष्कळदा ती खरोखरच राहिलेली असते. ती आली की समोर बसवा. कुणाचे दोनच विषय राहिलेले असतात आणि विद्यापीठाच्या नियमांत अजून संधी असते. ज्यांची मुदत गेली असेल त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र दाखवा. कुणाला बीएड किंवा नर्सिंगसारखा व्यावसायिक अभ्यासक्रम करायचा असेल तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना राज्य सरकारने फी माफ केली आहे. कुठले अभ्यासक्रम आणि कुठली महाविद्यालयं त्यात येतात ते तिच्या नवऱ्यासमोर वाचून दाखवा, शासन निर्णयाची प्रत त्याच्या हातात द्या.

आमच्या ३८ पैकी आम्हाला सापडल्या २९. त्यांतल्या ११ जणी आल्या. एक वर्षभराचं बाळ घेऊन आली आणि परीक्षेच्या तीन तासांत ते आमच्या शिपाई मावशींनी व्हरांड्यात सांभाळलं. तिची पदवीची परीक्षा मागच्या वर्षी पूर्ण झाली. तुमची यादी तयार झाली की मला कळवा. पहिले दहा फोन करायला मी तुमच्यासोबत बसेन.